दानाची वरची पायरी : इस्रायलमधील लोकसंस्थांचा एक अभ्यास

इस्रायल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. एक रणगाड्यांचे आणि दुसरे ठिबक सिंचनाचे. पहिल्याची आठवण वर्तमानपत्रे करून देतात, दुसऱ्याची शेतीवरील व्याख्याने. या दोन चित्रांच्या मधल्या जागेत तेथील सामान्य माणूस राहतो. त्याच्या घरी म्हातारी आई असते, कुणाच्या घरी अपंग मूल असते, कुणाचा मुलगा शाळेत मागे पडलेला असतो. अशा माणसांसाठी तेथील लोकांनी आपण होऊन ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

समाजशास्त्राच्या तासाला ‘स्वयंसेवी संस्था’ या प्रकरणापाशी आलो की मला एक प्रश्न नेहमी अडवतो. मदत कशी करावी, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही? पाठ्यपुस्तकात संस्थांचे प्रकार, त्यांची नोंदणी, त्यांची उद्दिष्टे हे सारे असते; हा प्रश्न मात्र नसतो. इस्रायलमधील काही संस्थांचा इतिहास वाचताना मला त्याचे निदान अर्धे उत्तर मिळाले. उरलेले अर्धे त्याच देशातील एका वेगळ्या घडामोडीत मिळाले. हे दोन्ही अर्धे विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावेत, एवढाच माझा हेतू.

शब्दात दडलेला विचार

हिब्रू भाषेत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ दया असा नसून न्याय असा आहे. म्हणजे गरिबाला दिले तर आपण काही अधिकचे पुण्य केले असे नव्हे. जे व्हायला हवे होते तेच केले, अशी ही कल्पना. जुन्या ज्यू वस्त्यांतून गावाचा सामाईक निधी असे, त्याला ‘कुपा’ म्हणत. रोजच्या अन्नासाठी वेगळी सोय असे, तिला ‘तमखुई’ म्हणत. वर्गणी देणे हे गावात राहणाऱ्याचे कर्तव्यच मानले जाई.

बाराव्या शतकातील थोर ज्यू पंडित व वैद्य मायमोनिडीस (११३८–१२०४) यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर कुरकुरत देणारा आहे. त्याच्या वर कमी पण हसतमुखाने देणारा, मागितल्यावर देणारा, न मागता देणारा अशी चढण आहे. आणखी वर गेले की देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव झाकलेले राहते. दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक नसणे, ही वरून दुसरी पायरी. मला वाटत होते की हीच सर्वांत वरची असावी. पण मायमोनिडीस त्याहून वर आणखी एक पायरी ठेवतात. ज्याचा तोल जात आहे त्याला कर्ज द्यावे, आपल्या धंद्यात भागीदार करावे किंवा काम मिळवून द्यावे, म्हणजे त्याच्यावर मागण्याची वेळच येणार नाही. ही ती सर्वांत वरची पायरी.

उसने देणे, काम देणे आणि भागीदार करणे हे तीन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढील विवेचनात मी याच तीन कसोट्या वापरणार आहे.

नव्या राष्ट्रापुढची अडचण

मे १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे ८ लाख होती. पुढील साडेतीन वर्षांत जवळजवळ ७ लाख ज्यू निर्वासित व स्थलांतरित तेथे येऊन दाखल झाले. कुणी युरोपातील छळछावण्यांतून वाचलेले, कुणी इराक, येमेन, मोरोक्को येथून आलेले. त्यांत म्हातारे, क्षयरोगी आणि अपंग यांची संख्या लहान नव्हती. देशातल्या माणसांएवढीच नवी माणसे दारात उभी राहिली, तर कोणत्या सरकारची तिजोरी पुरणार? त्याच १९४८ च्या युद्धात लाखो पॅलेस्टिनी अरब बेघर झाले, हेही येथे विसरून चालणार नाही. इस्रायलच्या सामाजिक जीवनातली एक मोठी भेग तेव्हापासूनची आहे.

सरकारने आपल्या परीने पावले उचलली. १९४९ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९५४ पासून राष्ट्रीय विमा संस्थेचे काम सुरू झाले आणि वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले. अमेरिकेतील ज्यूंच्या ‘जॉइंट’ या मदतसंस्थेने १९४९ मध्ये ‘मालबेन’ नावाचा उपक्रम काढला आणि वृद्ध, आजारी व अपंग स्थलांतरितांसाठी निवास आणि रुग्णालये चालवली. तरीही कायदा आणि माणूस यांच्यामध्ये मोकळी जागा उरतेच. आपण ज्या संस्था पाहणार आहोत त्या या मोकळ्या जागेत उगवल्या.

या स्थलांतरितांत आपली माणसेही होती. कोकणातील बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर या समाजातील हजारो कुटुंबे इस्रायलला गेली आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा गावांतून वसली. लोकसंस्था ही गोष्ट त्यांना परकी नव्हती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली होती. पुढे तीच सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्येही काढले. या मंडळींचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

पहिली कसोटी : उसने देणे

ज्यू वस्त्यांत ‘गमाख’ नावाची एक जुनी रीत आहे. एखादे कुटुंब आपल्या घरात एखादी वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना उसनी देण्यासाठी ठेवते. कुणाकडे बिनव्याजी कर्जाची पेटी, कुणाकडे लग्नाचा पोशाख, कुणाकडे पाळणा. वस्तू न्यावी, वापरावी आणि परत करावी.

१९७६ मध्ये जेरुसलेममधील उरी लुपोलियान्स्की या तरुण शिक्षकाला आजारी मुलासाठी वाफ देण्याचे यंत्र हवे होते. ते शेजाऱ्याकडून मिळाले. अशी गरज इतरांनाही पडत असणार, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी थोडी यंत्रे विकत घेतली आणि घरातूनच ती उसनी देण्यास सुरुवात केली. मग लोक कुबड्या आणि चाकांच्या खुर्च्याही मागू लागले. अशा रीतीने ‘याद सारा’ ही संस्था जन्मली. सारा हे त्यांच्या आजीचे नाव. हिटलरच्या राजवटीतील संहारात ती मारली गेली होती. हिब्रूत ‘याद’ म्हणजे हात आणि स्मारकही. दोन्ही अर्थ येथे लागू पडतात.

आज या संस्थेच्या देशभर शंभराहून अधिक शाखा असून हजारो स्वयंसेवक तेथे काम करतात. कार्यपद्धती अगदी साधी आहे. रुग्णाने यावे, अनामत ठेवावी, चाकांची खुर्ची, खाट किंवा प्राणवायूचे यंत्र न्यावे. वस्तू परत आली की अनामत परत. वस्तू तपासणारे, मोडलेली दुरुस्त करणारे, गिऱ्हाईकाला समजावून देणारे पुष्कळदा स्वतः निवृत्त झालेले वृद्धच असतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी धोक्याची सूचना देणारे बटण बसवणे, चाकांच्या खुर्चीसह माणसाला नेणारी गाडी पुरवणे अशी कामेही संस्था करते. १९९४ मध्ये तिला ‘इस्रायल पारितोषिक’ हा देशातील सर्वोच्च सन्मान मिळाला.

यात अर्थशास्त्राचाही एक धडा आहे. घरी खाट आणि प्राणवायूची सोय झाली की रुग्ण दवाखान्यातून लवकर घरी जातो. दवाखान्याची खाट दुसऱ्यासाठी मोकळी होते. एकच खुर्ची वर्षभरात अनेकांच्या उपयोगी पडते. पण मला अधिक मोलाची वाटते ती अनामत. रक्कम लहान असली तरी तिच्यामुळे घेणारा याचक राहत नाही. तो वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्या सभासदासारखा होतो. वस्तू परत करताना त्याची मान ताठ असते.

दुसरी कसोटी : काम देणे

साठीच्या दशकाच्या आरंभी जेरुसलेमच्या रस्त्यांवर अनेक निराधार वृद्ध भीक मागताना दिसत. दूरदूरच्या देशांतून आलेली ही माणसे. भाषा नवी, धंदा गेलेला, मुले आपापल्या विवंचनेत. मिरियम मेंडिलो नावाच्या शिक्षिकेला शाळेतील मुले या म्हाताऱ्यांना हिणवताना दिसत, याचे तिला फार वाईट वाटे. मुलांना उपदेश करून भागणार नाही, हे तिने ओळखले. मुलांच्या नजरेतली वृद्धांची किंमत वाढवायची, तर वृद्धांच्या हातांना मुलांच्या उपयोगाचे काम हवे.

१९६२ मध्ये तिने एक लहानशी कार्यशाळा उघडली. काम होते पुस्तकबांधणीचे. शाळेतील फाटकी पुस्तके वृद्धांनी शिवायची, चिकटवायची, त्यांना नवे पुठ्ठे घालायचे. मग ती पुस्तके पुन्हा मुलांच्या हातात जायची. म्हाताऱ्याला चिडवणाऱ्या मुलाच्या दप्तरात त्याच म्हाताऱ्याने जोडलेले पुस्तक! समाजशिक्षणाचा याहून नेमका प्रयोग माझ्या वाचनात नाही. या संस्थेचे नाव ‘याद लाकाशिश’, म्हणजे वृद्धांसाठी हात. पुढे तेथे भरतकाम, विणकाम, मातीकाम, कागदकाम, धातूकाम यांचे विभाग निघाले आणि तेथील वस्तू संस्थेच्या दुकानात विकल्या जाऊ लागल्या. कामावर येणाऱ्या वृद्धाला थोडे मानधन व जेवण मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सकाळी उठून जाण्यासारखी एक जागा मिळते.

अर्थात सगळेच वृद्ध काम करू शकत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांचे काय? येथे लोकसंस्था आणि सरकार यांच्या जोडकामाचा भाग येतो. १९५८ पासून ‘मताव’ ही संस्था घरी जाऊन सेवा देण्याचे काम करू लागली. १९६९ मध्ये जॉइंट आणि सरकार यांनी मिळून ‘एशेल’ ही वृद्धसेवांचे नियोजन करणारी संस्था काढली. तिच्या साहाय्याने गावोगावी वृद्धांची दिवसकेंद्रे निघाली. सकाळी गाडी येऊन वृद्धाला घेऊन जाते. तेथे जेवण, व्यायाम, गप्पा होतात आणि दुपारी तो घरी परततो. या अनुभवाच्या पायावर १९८६ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा कायदा झाला व १९८८ पासून तो पूर्णपणे अमलात आला. ज्या वृद्धाला अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो, त्याला आठवड्याला काही तासांची घरगुती मदत राष्ट्रीय विम्यातून मिळते. पैसा विम्याचा आणि सेवा पुरवणाऱ्या संस्था निराळ्या, अशी ही रचना आहे. आधी लोकांनी करून पाहावे आणि मग राज्याने ते कायद्यात बसवावे, हा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा.

तिसरी कसोटी : भागीदार करणे

शिक्षणाच्या क्षेत्रात भागीदारीची दोन उत्तम उदाहरणे सापडतात.

पहिले १९६९ मधले. आशिया व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतील मुले पहिलीत येतानाच मागे असत. हिब्रू विद्यापीठातील अवीमा लोम्बार्ड यांनी असा विचार केला की मुलाची पहिली शिक्षिका आई आहे. मग तिलाच का तयार करू नये? ‘हाएतगर’, म्हणजे आव्हान, या नावाने त्यांनी कार्यक्रम आखला. आईला दर आठवड्याला गोष्टीची पुस्तके व सोपे पाठ द्यायचे आणि तिने रोज थोडा वेळ मुलाला घेऊन बसायचे. ते पाठ घरी घेऊन जाणारी बाई त्याच वस्तीतली, तशीच एक आई असे. फार न शिकलेली आईही शिकवू शकते, हा विश्वास या योजनेच्या मुळाशी होता. पुढे ही पद्धत अनेक देशांनी उचलली.

दुसरे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटेल. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात रेहोवोत येथील वाइझमन विज्ञान संस्थेत ‘पेराख’ नावाचा उपक्रम सुरू झाला. पेराख म्हणजे फूल. महाविद्यालयातील विद्यार्थ्याने गरीब वस्तीतील एका मुलाचा मोठा भाऊ किंवा मोठी बहीण व्हायचे. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास त्या मुलाला द्यायचे. अभ्यास घ्यायचा, खेळायचे, बागेत न्यायचे, त्याचे ऐकून घ्यायचे. त्याबद्दल विद्यार्थ्याच्या फीचा काही भाग शिष्यवृत्ती म्हणून भरला जातो. हा उपक्रम लवकरच देशभर पसरला आणि दर वर्षी हजारो विद्यार्थी त्यात भाग घेऊ लागले. ज्यूंप्रमाणे अरब व द्रूझ विद्यार्थी आणि मुलेही त्यात आहेत.

आपल्याकडील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात काही दिवस रस्ता खणणाऱ्या विद्यार्थ्याला यातला फरक चटकन कळेल. येथे काम वर्षभराचे आणि एकाच मुलाबरोबरचे आहे. मुलाला मोठा भाऊ मिळतो. विद्यार्थ्याला फी मिळते आणि आपल्या पुस्तकात नसलेली एक वस्ती कळते. कोणी कोणावर उपकार केला, याचा हिशेब लागत नाही. मायमोनिडीसच्या भागीदारीचा अर्थ हाच असावा.

आईबापांनी काढलेल्या संस्था

अपंगांसाठीच्या इस्रायलमधील संस्था पाहिल्या तर त्यांतील कितीतरी आईबापांनी काढलेल्या दिसतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनी १९५१ मध्ये ‘अकीम’ ही संघटना स्थापन केली. त्या काळी अशी मुले घरात लपवून ठेवली जात. पालक एकत्र आले, तेव्हा पहिली गोष्ट घडली ती ही की त्यांची लाज कमी झाली. शाळा, कार्यशाळा व वसतिगृहे त्यानंतर आली.

१९५० च्या सुमारास देशात पोलिओची मोठी साथ आली. तिच्यातून १९५२ मध्ये ‘इलान’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे रामत गान येथे अपंगांसाठी तिचे क्रीडाकेंद्र झाले. १९६८ च्या जागतिक अपंग क्रीडास्पर्धा ऑलिंपिकबरोबर मेक्सिकोत व्हायच्या होत्या. मेक्सिकोने असमर्थता दाखवली, तेव्हा इस्रायलने त्या तेल अवीवजवळ याच रामत गान येथे भरवल्या. २८ देशांचे सुमारे ७५० खेळाडू आले. भारताचे पथक प्रथमच या स्पर्धांत उतरले आणि त्यात आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर होते. १९६५ च्या युद्धात जबर जखमी झालेला हा जवान तेथे टेबल टेनिस खेळला. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. पोलिओ झालेल्या मुलांसाठी आईबापांनी व डॉक्टरांनी उभे केलेले मैदान एका मराठी जवानाच्या वाटेत असे आले.

१९९० मध्ये जेरुसलेममध्ये ‘शाल्वा’ची सुरुवात झाली. कालमान सॅम्युएल्स व त्यांच्या पत्नी यांच्या मुलाची दृष्टी आणि श्रवणशक्ती तान्हेपणीच गेली होती. हा मुलगा आठ वर्षांचा असताना एका शिक्षिकेने त्याच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी अक्षरे उमटवली आणि ‘टेबल’ या अर्थाचा हिब्रू शब्द त्याला समजला. बंद दार उघडले. आपल्या मुलाला वाट मिळाली तर इतरांच्या मुलांसाठी काहीतरी करू, असे आईने मनाशी ठरवले होते. ते तिने घरातच काही मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेऊन पाळले. शाल्वा म्हणजे शांतता. संस्थेचा पहिला हेतू आईबापांना थोडी उसंत मिळावी हा होता. अपंग मुलाच्या आईलाही कधीतरी दुपारी झोपावेसे वाटते, दुसऱ्या मुलाची प्रगती-पुस्तिका पाहावीशी वाटते, हे ओळखायला स्वतः आईच असावे लागते.

याफा बंदरावरील ‘नालागाअत’ हे नाट्यगृह याच मालिकेतले. नावाचा अर्थ, ‘कृपया स्पर्श करा’. २००२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नट अंध व बधिर आहेत. त्यांच्या एका प्रसिद्ध नाटकात ते रंगमंचावर पाव मळतात आणि भाजतात. प्रयोग संपला की प्रेक्षक वर जाऊन त्यांच्याबरोबर तो खातात. येथे देणारे कोण आणि घेणारे कोण?

सावलीची बाजू

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की सारे कसे छान आहे. अभ्यासकाला तसे म्हणून थांबता येत नाही.

पहिली उणीव विषमतेची. इस्रायलच्या नागरिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा अरब आहे. अरब गावांतून अपंग व वृद्धांच्या सेवा ज्यू गावांपेक्षा कमी आहेत. नेगेव वाळवंटातील काही बदाउनी वस्त्यांना सरकारी मान्यता नाही. तेथे पक्के रस्ते नाहीत. जेथे रस्ताच नाही तेथे उसनी मिळालेली चाकांची खुर्ची कोठे न्यायची? याच जाणिवेतून नाझरेथमध्ये २००५ साली अब्बास अब्बास या अंध वकिलाने ‘अल्मनारा’ ही अरब अपंगांची संस्था काढली. अल्मनारा म्हणजे दीपगृह. अंध माणसाने संस्थेला दिलेले हे नाव पुष्कळ काही सांगून जाते.

दुसरी उणीव पैशाची. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला देणगीदार सांभाळावा लागतो. ज्या लुपोलियान्स्कींनी याद सारा काढली, ते २००३ ते २००८ जेरुसलेमचे महापौर होते. ‘होलीलँड’ या बांधकाम प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांना लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवले. तो पैसा त्यांच्या खिशात गेला नव्हता. याद साराला देणगी म्हणून गेला होता. आजारपणामुळे वरिष्ठ न्यायालयाने तुरुंगवासाऐवजी समाजसेवेची शिक्षा दिली. संस्थेचे काम त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु चांगल्या कामासाठी घेतलेला पैसाही सत्तेच्या टेबलावर आला की त्याचा अर्थ बदलतो, हे प्रत्येक संस्थाचालकाने लिहून ठेवण्यासारखे आहे.

तिसरी उणीव अदृश्य हातांची. वृद्धांची अहोरात्र शुश्रूषा करणारी हजारो माणसे फिलिपाईन्स, नेपाळ, श्रीलंका आणि भारतातून, विशेषतः केरळमधून, तेथे जातात. कुणाची तरी आई सांभाळताना त्यांची स्वतःची आई दूर राहते. त्यांच्या हक्कांसाठी १९९१ मध्ये ‘काव लाओवेद’ ही आणखी एक लोकसंस्था निघाली. एका लोकसंस्थेच्या कामातून उघडी पडलेली जागा दुसरीला भरावी लागते, ती अशी.

मायमोनिडीसच्या पलीकडची पायरी

आता मूळ प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे वळू. उसने, काम आणि भागीदारी या तिन्ही गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी इच्छेवर अवलंबून आहेत. ती इच्छा उद्या आटली तर?

१९९८ मध्ये इस्रायलमध्ये अपंगांच्या समान हक्कांचा कायदा झाला. पण कागदावरील हक्क आणि घरातला चूलखर्च यांत अंतर होते. १९९९ साली अपंग स्त्री-पुरुष आपल्या चाकांच्या खुर्च्यांसह जेरुसलेममधील सरकारी कचेरीत ३७ दिवस ठाण मांडून बसले. २००१-०२ च्या हिवाळ्यात पुन्हा तसेच आंदोलन झाले; ते ७७ दिवस चालले. २०१७ मध्ये त्यांनी देशातील हमरस्ते अडवले आणि २०१८ मध्ये अपंग भत्ता टप्प्याटप्प्याने वाढवणारा कायदा झाला. ज्या खुर्च्यांवर बसून ते आले, त्यांतील काही कोण्या संस्थेने उसन्याही दिल्या असतील. पण मागणी खुर्चीची नव्हती. सन्मानाने जगता येईल एवढ्या उत्पन्नाची होती आणि ती मागणारे स्वतः अपंगच होते.

आपल्या बेने इस्रायल बांधवांनी हा धडा आधीच गिरवला होता. त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथील धर्मपीठाने शंका घेतली आणि विवाहाच्या बाबतीत त्यांना वेगळे नियम लावले. नवख्यांना मदत करणाऱ्या संस्था त्यांना घर आणि रोजगार मिळवून देऊ शकत होत्या. बरोबरीचे स्थान मात्र देऊ शकत नव्हत्या. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला तेथील संसदेने ते सर्वार्थाने समान असल्याचा ठराव केला. बरोबरी दान म्हणून मिळत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, चांगल्या लोकसंस्थेची खूण दुहेरी असते. ती माणसाला आज लागणारी वस्तू देते आणि ती देता देता त्याला उद्या हक्क मागण्याइतका ताठ उभा करते. जी संस्था पहिलेच करते आणि दुसऱ्याला भिते, ती कितीही मोठी झाली तरी खालच्या पायऱ्यांवरच राहते. अकीमच्या पालकांनी आधी लाज सोडली, मग शाळा मागितली. १९८८ चा विशेष शिक्षणाचा कायदा अशाच पालकांच्या दीर्घ खटपटीनंतर आला. येथे मदत आणि हक्क हे एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या ठरतात.

एक शेवटचा विचार. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यानंतर सीमेवरील गावे रिकामी करावी लागली. घरदार सोडून आलेल्या वृद्धांसाठी आणि मुलांसाठी इस्रायलमधील स्वयंसेवक ज्या वेगाने धावले, त्यामागे पंचाहत्तर वर्षांची ही सवय होती. त्यानंतरच्या युद्धात सीमेपलीकडे गाझामध्ये हजारो माणसे, आणि त्यांत कितीतरी मुले, हातपाय गमावून बसली. चाकांची खुर्ची त्यांनाही लागते. त्सेदाका या शब्दाचा अर्थ न्याय असेल, तर तो कुंपणापाशी थांबू शकतो काय, हा प्रश्न त्या देशातील विचारी माणसांपुढे उभा आहे. तो केवळ त्यांच्यापुढेच आहे असेही नाही. ज्या ज्या समाजाने ‘आपल्या’ माणसांसाठी उत्तम संस्था उभारल्या, त्या प्रत्येक समाजाला ‘आपले’ या शब्दाची हद्द एक दिवस तपासावी लागते. विद्यार्थी मित्रांनी आपल्या गावातील एखादी संस्था पाहावयास जावे, तेव्हा तिच्या इमारतीपेक्षा आणि देणगीदारांच्या फलकापेक्षा एक गोष्ट आधी पाहावी : तेथून बाहेर पडणारा माणूस मान खाली घालून जातो की वर करून.